आतल्या चौघी

अकोल्याला आमच्या गल्लीतल्या नर्सबाई स्वतःशी बोलत नसत, स्वतःतल्या बायकांशी बोलत. हट्टी, भित्री, आळशी आणि रडकी अशी त्यांची नावंही ठरलेली. भाजी घेतानासुद्धा म्हणायच्या, "हट्टीले मेथी पायजे, पन निवडन कोन? आळशी वांगे घे म्हनते." मला हा पोरखेळ वाटे.

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण घरीच करायचं ठरलं होतं. दुपारी कळा वाढल्या. नर्सबाईंनी पोटावर हात फिरवला आणि डोळे मिटले.

"काय झालं?"

"थांबा काकू. हट्टी म्हनते, अशा कितीक बाया मोकळ्या केल्या, हेही इथंच होते. भित्री दवाखान्यात न्या म्हनून रायली."

पोरीचा जीव टांगणीला, आणि ही आतली भांडणं सोडवत बसली होती!

"मग?"

"आज भित्रीचं ऐकतो. टांगा बोलवा."

बाळ पायाळू निघालं. डॉक्टरांनी मोठ्या कष्टानं सोडवलं. घरी दोघंही हाती लागली नसती, म्हणाले.

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं तेव्हा मी नर्सबाईंना म्हटलं, "तुमच्या भित्रीला लुगडं घेईन."

"एकटीलेच काहून? हट्टी रुसन ना!" त्या हसल्या. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "अन् काकू, तुमच्यातली रडकी दुपारपासून उभी हाये. तिले बसू द्या जरा."

मी बाकावर बसले आणि पदरात तोंड घालून पोटभर रडले. मग नळावर तोंड धुतलं आणि नातवाला बघायला गेले.