एका चुलीला एक तिकीट

मुलांनो, फोनवर तुम्हाला शिस्त शिकवणाऱ्या तुमच्या आजीची, म्हणजे माझी, एकदा चांगलीच फजिती झाली होती.

दुष्काळात आमच्या वाशी गावातल्या मुलींच्या शाळेला पाण्याची टाकी हवी होती. त्यासाठी आमच्या महिला मंडळाने लॉटरी काढली. बक्षीस होता पितळी स्टोव्ह. खडी फोडायला जाणाऱ्या बायकांनी हौसेपायी मजुरी उधळू नये, म्हणून मी नियम केला: एका चुलीला एकच तिकीट. आमच्या घरचे तिकीट मी घेतले होते. सासूबाईंना मात्र स्वतःचे हवे होते.

"आत्याबाई, आपली चूल एकच आहे," मी म्हणाले.

"व्हय का? मंग बघ आता!"

त्यांनी अंगणात तीन दगड मांडून जाळ केला आणि भाकरी टाकली. दुपारपर्यंत गल्लीभर झाले, की शिकलेल्या सुनेने सासूला वेगळे काढले. शेजारच्या काकू मला समजवायला आल्या. "इंग्रजी शिकून हेच केलंस का गं?"

सासूबाई पदराआड हसत होत्या. नियम माझाच आणि चूल तर डोळ्यांसमोर पेटलेली. मी त्यांच्या नावाचे तिकीट फाडून दिले.

स्टोव्ह त्यांनाच लागला. त्याच संध्याकाळी त्यांनी अंगणातले दगड उचलले आणि स्टोव्ह माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवला.

"झालो बघ आपण एक. पण ह्याला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाय!"

शाळेची टाकी झाली. पुढच्या लॉटरीचे नियम मात्र मी आधी सासूबाईंना वाचून दाखवले, मगच मंडळापुढे ठेवले.