पांढऱ्या बाईची गोष्ट

विलायतेत कापसाचा तुटवडा पडला आणि अमरावतीच्या रानात सोनं पिकू लागलं, त्या सालची गोष्ट. खुशालराव मास्तरांनी शाळेचं हस्तलिखित मासिक काढायचं ठरवलं. पहिल्या अंकाचा विषय होता, 'आमच्या गावातली भुतं'.

"ऐकीव नको," त्यांनी मुलांना बजावलं, "डोळ्यांनी पाहिलेलं लिहा."

मुलांनी लिहिलं. बहुतेकांनी एकच भूत लिहिलं. दिवेलागणीला कापसाच्या बाजाराकडून येणारी पांढरी बाई! केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पावलं धुळीत दिसत नाहीत.

ती तानुबाई होती. माळ्याची विधवा. सकाळी दारोदार भाजी विकायची आणि दुपारपासून वखारीत रेचा फिरवून कापसातली सरकी काढायची. घरी निघताना तिच्या अंगावर कापसाचा थर असे.

मुलांनी लिहिलेलं घराघरांत पोचलं. "वांगे घ्या वो बाई" अशी हाक ऐकू आली की आतलं बोलणं थांबे आणि कडी लागे. सगळ्यांनी कापूसच पेरल्यामुळे ज्वारी आधीच महागलेली. त्यात टोपली भरलेलीच परत येऊ लागली. एकदा तानुबाईने बादलीत वाकून पाहिलं. तोंड खसखसून धुतलं, पुन्हा पाहिलं. पाण्यातली बाई पांढरीच होती.

ती शाळेत गेली.

"मास्तर, भूत वांग्याच्या भावात घासाघीस करते का जी? पोट्ट्यायले सांगा, मी मेली नाई म्हनून."

मास्तर हसले. "तुम्हीच सांगा की. मासिक सगळ्यांना खुलं आहे. बोला, मी लिहून घेतो."

ती उभ्यानेच बोलली, "मी तानु. माह्या आंगाले कापूस लागते. मले भूक लागते, ताप येते. मले पाहून पयू नका. मी जित्ती आहो."

अंक वाचायच्या दिवशी ती खिडकीबाहेर उभी राहिली. मास्तरांनी तिचे शब्द जसेच्या तसे वाचले. मग चंद्रभान नावाचा पोरगा ओरडला, "मास्तर, हे सगळ्यात भारी! भूत सोताच बोलून राह्यलं!"

टाळ्या पडल्या. मास्तर काही सांगायला उठले होते, पण इतक्या टाळ्या त्यांना पहिल्यांदाच मिळत होत्या. ते हसले आणि खाली बसले.

तानुबाई घरी आली तेव्हा उंबऱ्यावर कुणीतरी उतारा ठेवून गेलं होतं. पानावर दहीभात, वर कुंकू, बाजूला कापलेलं लिंबू. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. काल सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

तिने लिंबू बाजूला सारलं आणि दारातच बसून खाऊ लागली. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी किंचाळलं, मग पळणारी पावलं वाजली. तानुबाईने वर पाहिलं नाही. भात अजून कोमट होता.