रुआनमावशीची संध्याकाळची वाटी

कालव्याकाठच्या बाजारात रुआनमावशीच्या तोंडी सहसा कुणी लागत नसे. नूडल्सचं दुकान चालवायचं म्हणजे हात भाजणार आणि जीभ तिखट होणार, असं तिचंच म्हणणं. नवरा दुसऱ्या गावी नवा संसार थाटून बसला, तेव्हाही ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवली आणि फाय नावाच्या आपल्या लेकीला पाठीला बांधून उभी राहिली.

तिची आई होडीतून नूडल्स विकायची आणि रश्श्यात गांजाची चार पानं टाकायची. अयुथयाकडच्या जुन्या बायकांना त्यात काही वावगं वाटत नसे. पुढे पोलीस मागे लागले आणि पातेल्यातली पानं गेली. मग एका जूनमध्ये सरकारनं गांजा मोकळा केला आणि ती पानं वाजतगाजत परत आली. मावशीनं दाराशी कुंड्या मांडल्या, हिरव्या पानाची भलीमोठी पाटी लावली. बँकॉकची माणसं गाड्या काढून यायची, वाफाळत्या वाडग्याचा फोटो घ्यायची, उगाच खिदळायची. विशीच्या आतल्या पोरांना विकू नये असा नियम होता खरा. पण नियम दुकानाच्या काचेवर आणि झाड दारात, अशी सगळी गंमत.

दिवसभर उभं राहून मावशीचे गुडघे ठणकायचे. संध्याकाळी ती पातेल्यावर साठलेला तेलाचा तवंग, म्हणजे सगळा कट, वाटीत काढून प्यायची. गुडघे गप्प बसायचे. मग पानांसोबत कळ्याही पडू लागल्या. याला कुणी व्यसन म्हटलं असतं, तर तिनं हातातला डाव फेकून मारला असता.

गांजाची नशा तेलात उतरते; गिऱ्हाइकाच्या वाडग्यात त्या कटाचा एखादा थेंब जायचा. मावशीच्या वाटीत दिवसभराचा अर्क यायचा. जन्म रश्श्यात गेलेल्या बाईला हे कळू नये! गेल्या वर्षी ऑगस्टात, शाळेतल्या मातृदिनाच्या आदल्या संध्याकाळी तिनं वाटी जरा जास्तच भरली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले. तोवर शाळेत सगळ्या आया निळे सदरे घालून खुर्च्यांवर बसल्या होत्या, मुलांनी गुडघे टेकून त्यांना मोगऱ्याचे गजरे दिले होते. तेरा वर्षांची फाय रिकाम्या खुर्चीसमोर टेकली. शेवटी शाळेतल्या एक बाई धावत येऊन त्या खुर्चीत बसल्या.

मावशीनं माफी मागितली, गोड भात करून घातला. फाय म्हणाली, "असू दे आई." मावशीला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. यंदा जुलैतल्या एका दुपारी मावशी भांडी घासायला मागे गेली, तर रांजणाआड फाय गांजाची विडी ओढत बसलेली. डोळे लाल.

"फाय! हे काय चाललंय?"

"तुझ्या पातेल्यात असतं तेच."

"पातेल्यातलं वेगळं. ते चवीपुरतं असतं."

"आणि संध्याकाळची वाटी?"

"ती गुडघ्यांसाठी."

"मग हेही गुडघ्यांसाठीच," फाय म्हणाली. "गेल्या वर्षी रिकाम्या खुर्चीपुढे टेकले ना, तेव्हापासून दुखतात."

मावशीचा हात उठला होता. तो तसाच खाली आला.  पोरीला नको म्हणायचं, तर कुठल्या तोंडानं म्हणायचं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी खाली उतरली होती. कुंड्यांतली झाडं उपटून कचऱ्यात गेली होती. नेहमीचं एक गिऱ्हाईक पहिला घोट घेऊन कुरकुरलं, "मावशी, चव गेली हो!"

"चव माझ्या हाताला आहे, पाल्याला नव्हती. पटत नसेल तर समोर जा."

लोक खरंच समोर गेले. समोरचे चरुएनकाका आपल्या हिरव्या पाटीखाली उभे राहून ओरडायचे, "रुआन, आता मठात जाऊन बसतेस की काय?" त्यावर मावशी म्हणायची, "आधी तुमचा रस्सा उकळा नीट, मग माझ्या मोक्षाचं बघा." जीभ शाबूत होती. बाकी हाल होते. वाटी सुटल्यापासून झोप उडाली, अंगाला घाम सुटायचा, गुडघे सगळी थकबाकी वसूल करू लागले. गरम औषधी पाल्याच्या पुरचुंडीनं शेकत ती बसायची आणि वाटी ठेवायच्या फळीकडे पुन्हा पुन्हा बघायची. एकदा तर तिनं रिकामी वाटी हुंगली. फायनं ते पाहिलं आणि ती आत निघून गेली.

या सगळ्यात मावशीनं लेकीला 'तू सोड' असं एकदाही म्हटलं नाही. भाषण ठोकायला कुणालाही येतं. ही बाई आधी आपल्या अंगावर घेत होती, आणि मोठेपणा म्हणतात तो हाच.

मातृदिन जवळ आला तशी फाय म्हणाली, "यंदा येऊ नकोस. बसतील बाई कुणीतरी."

"बरं," मावशी म्हणाली.

आणि शाळेचं फाटक उघडायच्या आधीच निळा सदरा घालून तिथं हजर झाली.

आया ओळीनं बसल्या. आईचं गाणं वाजू लागलं. एकेक मूल आपापल्या आईसमोर येऊन टेकलं. मावशीसमोरची जमीन तेवढी मोकळी राहिली. फाय मागे खांबापाशी उभी होती, हातातला गजरा बोटांनी कुस्करत. शेजारची बाई मावशीकडे बघून चुकचुकली. रिकाम्या जागेसमोर असं सगळ्यांदेखत थांबणं काय असतं, ते मावशीला आता कळत होतं. ती उठली नाही. मान ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

गाणं थांबलं. मुलं उठायला लागली, तेव्हा फाय पुढे आली. तिनं अर्धा कुस्करलेला गजरा आईच्या हातात ठेवला, टेकली आणि डोकं आईच्या मांडीवर ठेवलं. मावशीच्या अंगाला तळलेल्या लसणाचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही.

"आई," फाय हळूच म्हणाली, "माझं अजून सुटलं नाहीये."

"माझंही कुठं सुटलंय?" मावशी म्हणाली. "कालच वाटी हातात घेतली होती."

"मग?"

"मग घासून ठेवून दिली."

फायचे खांदे हलू लागले. मावशीनं तिच्या केसांवर हात ठेवला.

"रड हवं तेवढं," ती म्हणाली. "फक्त डोकं जरा डावीकडे घे. उजवा गुडघा फार दुखतोय."