अठराव्या पानाच्या पुढे

पुसेगावच्या वाचनालयात मुलांसाठी एक कपाट होतं आणि त्यातली पुस्तकं दहा वर्षं नव्यासारखी राहिली होती. अध्यक्ष तातेराव गुरुजी हे कपाट पाहुण्यांना कौतुकानं दाखवत. इतकी निगा तालुक्यात दुसरीकडे नव्हती. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे पुस्तकं निवडायचा मान त्यांचाच. त्यांची कसोटी साधी होती : गोष्टीला तात्पर्य असावं आणि ते सापडायला कष्ट पडू नयेत.

ग्रंथपाल आशाबाई बारावी झालेल्या, शेतकऱ्याच्या घरच्या सून. शेतातलं आणि घरातलं उरकून संध्याकाळी तीन तास त्या वाचनालय उघडत. माहेरी लहानपणी त्यांना पुढची-मागची पानं गेलेली एक कादंबरी मिळाली होती. ती त्यांनी सहा वेळा वाचली. कुणी लिहिली, शेवट काय झाला, हे त्यांना आजतागायत ठाऊक नव्हतं. पण कादंबरी वाचल्यानं माणूस बिघडतो असं कुणी म्हटलं की त्यांना स्वतःवरून ते पटत नसे.

२००४ च्या जानेवारीत समितीत विषय निघाला, की मुलांचं कपाट रिकामं करून तिथं पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची गाईडं लावावीत. मागणी खोटी नव्हती. गावातली निम्मी तरुण पोरं पहाटे रस्त्यावर धावत होती. आशाबाई सभेत सहसा बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"एक साल मला निवडू द्या, गुरुजी. मोठ्या पोरांसाठी कादंबऱ्या आणते. पुढल्या सालच्या पाडव्यापर्यंत वाचल्या न्हाईत तर कपाट मीच रिकामं करून देते."

गुरुजींनी होकार दिला. वाट पाहायची त्यांना सवय होती.

आशाबाईंनी हिंगोलीच्या दुकानातून बारा कादंबऱ्या आणल्या, पाठीमागे 'वय दहा ते पंधरा' असं छापलेल्या. पोरांनी त्या नेल्या आणि आठवड्यात आणून दिल्या. कशी वाटली, असं विचारलं की प्रत्येक जण म्हणे, "चांगली हाय बाई." बाराही कादंबऱ्या चांगल्या निघाल्या. आशाबाईंना शंका आली. शेजारची परात वापरून परत करतानाही ही पोरं 'चांगली हाय' असंच म्हणत. कुणाची वस्तू त्याच्या हातात देताना तिला नावं ठेवायची नाहीत, असं वळण गावातल्या सगळ्या घरांत होतं, आणि एरवी ते चांगलंच होतं.

तेवढ्यात हळद निघाली. खणायची, शिजवायची, वाळत घालायची. शाळा सुटली की पोरं त्याच कामाला. बोटं पंधरा-पंधरा दिवस पिवळी राहत. पुस्तकंही पिवळी होऊन यायला लागली. गुरुजींच्या नजरेस पडायच्या आत आशाबाई खोडरबर घेऊन बसल्या. पहिल्या कादंबरीत खोडायचं काम अठराव्या पानावर संपलं. दुसरीत सतराव्या. तिसरीत विसाव्या पानापुढे सगळं स्वच्छ, छापखान्यातून आल्यासारखं.

त्यांनी खोडरबर बाजूला ठेवलं आणि अठरावी पानं वाचायला घेतली. एकीत आजोबा बोलायला लागले होते आणि एकतिसाव्या पानापर्यंत थांबत नव्हते. दुसरीत पुण्याचे काका पोरांना टेकडीवर नेऊन झाडांची शास्त्रीय नावं सांगत होते. शेवटच्या पानापर्यंत पिवळी झालेली एकच निघाली. तिच्यात घरातली मोठी माणसं लग्नाला गेली होती आणि बरेच दिवस परत आली नव्हती.

उन्हाळ्यात त्या पुन्हा दुकानात गेल्या. हातात आलेली प्रत्येक कादंबरी अठराव्या पानावर उघडून वाचायला लागल्या. दुकानदारानं समजावलं की पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं असतं. त्यांनी मान डोलावली आणि पुढची अठराव्यावर उघडली. एका पोरीची म्हैस हरवते आणि ती एकटी तीन तालुके हिंडते, अशी कादंबरी होती. ती उघडली आणि आशाबाईंची पाचची एसटी चुकली. ती कादंबरी आणि तशाच पारखलेल्या आणखी अकरा त्यांनी घेतल्या.

गुरुजींना ही बातमी लागली. पोरगी एकटी हिंडते म्हणजे पुस्तक तपासावं लागेल, म्हणून त्यांनी ते घरी नेलं, आठ दिवस ठेवलं आणि परत कपाटात आणून ठेवलं.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी सभा भरली. आशाबाईंनी नवी बारा पुस्तकं टेबलावर मांडली. त्यातली नऊ शेवटापर्यंत पिवळी होती. एका सदस्यानं डाग पाहून कपाळाला हात लावला. गुरुजी म्हणाले की डाग हा काही वाचल्याचा पुरावा नव्हे. पुस्तक नुसतं चाळलं तरी पडतो.

नेमकी त्या वेळी संगिता पुस्तक बदलायला आली. तांड्यावरच्या वसरामची ही मुलगी आठवीत होती. गुरुजींनी तिला पुढं बोलावलं, म्हशीची कादंबरी दाखवली आणि कशी वाटली, असं विचारलं. आता 'चांगली हाय' येणार आणि कपाट जाणार, म्हणून आशाबाई खाली बघत राहिल्या.

संगिता म्हणाली, "बराबर न्हाई, गुरुजी."

"काहून?"

"तीन तालुके ती हिंडली, आन् म्हैस घावली भावाला."

"म्हैस घरी आली ना? मंग झालं तर."

"आली. पण नाव भावाचं झालं."

गुरुजी खुर्चीत पुढं सरकले. भाऊही रातभर नदीकाठी फिरला होता, एकशे चाळीस पान काढ, असं ते म्हणाले. संगिता म्हणाली की ते तिनं वाचलंय. पण नदीकाठचे खूर आधी पोरीनं ओळखले, एकशे छत्तीसवर. गुरुजींनी चष्मा लावून एकशे छत्तीस काढलं. मग एकशे अठ्ठावीस काढलं. बाकीच्या सदस्यांना म्हशीची काही माहिती नसल्यानं ते चहा घेत बसले. पंधरा मिनिटांनी त्यातल्या एकानं भीत भीत कपाटाचं काय, असं विचारलं. गुरुजींनी मान वर न करता सांगितलं, की गाईडांसाठी खिडकीपाशी दुसरी मांडणी करून घ्या.

उठताना ते आशाबाईंना म्हणाले, "पुढल्या खेपेला या पोरीला दुकानात घेऊन जा. आधी शेवट वाचायला लावा तिला."

"शेवट आधी न्हाई वाचत मी," संगिता म्हणाली, आणि नवं पुस्तक निवडायला कपाटाकडं गेली.