नाकसाहेबांची बायको

"आणि माझं मशीन?"

"मशीन, मशीन, मशीन! अर्धा तास झाला, दुसरा विषय नाही. वरच्या दोन खोल्यांत ते मावणार नाही म्हणून सांगितलं ना. विकून टाक."

"आणि कापायचं टेबल?"

"त्याचं सरपण कर."

"हळू बोला. पलीकडे पोरी झोपल्यात."

"पोरींना काय चोरून सांगायचंय? मला नोकरी मिळतेय, दरोडा नाही घालत मी!"

लॉजच्या खोलीत सकाळी सातला हे चाललं होतं. सहलीचा दुसरा दिवस होता. लेक गाडी चालवत होती, नऊ वर्षांची नात भिंगरी फोनवरच्या नकाशात बघून लोकांनी लपवलेले डबे शोधत होती. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. नाकसाहेब वाटेतल्या लहान लहान कारखान्यांतली बिअर चाखत होते. ही सगळी गंमत म्हणून चाललीय असं बायकोला काल रात्रीपर्यंत वाटत होतं. आज उठल्या उठल्या कळलं की अकरा वाजता ज्या कारखान्यात जायचं होतं, तिथला मालक नाकसाहेबांना चव-परीक्षक म्हणून ठेवणार होता. राहायला कारखान्याच्या वरच्या दोन खोल्या. भाड्याचं घर सोडतोय म्हणून घरमालकाला उद्या फोन करायचा, हेही ठरलं होतं. एकट्यानेच ठरवलं होतं.

नाकसाहेब हे नाव कामगारांनी ठेवलेलं. मोठ्या बिअर कारखान्यात निवृत्तीपर्यंत एकतीस वर्षं ते चव बघत होते. एक हुंगणं, एक घोट, आणि हजारो बाटल्या गटारात. हे नाक संध्याकाळी घरी येई. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी दारातच बायकोला हुंगलं आणि म्हणाले, "शेजारणीच्या स्वयंपाकघरात तासभर बसली होतीस." ती बसली होती. पुढे चाळीस वर्षं तिला काही लपवता आलं नाही. तळाला किंचित लागलेलं, दोनदा गरम केलेलं, सगळं त्यांना पहिल्या घासाआधी कळे आणि ताट बोटभर पुढे सरके. तेवढंच. आरडाओरडा कधी केला नाही, ताट मात्र सरकवलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. उतरल्यावर एके दुपारी दूध जळून भांडं कोळसा झालं, आणि नाकसाहेब पलीकडच्या खोलीत निवांत पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या उशीखाली ओलं पायपुसणं ठेवलं. ते गाढ झोपले. तिसऱ्या दिवशी आठवड्यापूर्वीची आमटी वाढली. नाकसाहेब म्हणाले, "आज जमलीय." तेव्हा ती हसली, आणि हसू आवरल्यावर तिने त्यांना सांगितलं. ते लहान मुलासारखे रडले. "कुणाला बोलू नकोस," म्हणाले.

ती बोलली नाही. उलट त्यांचं नाक झाली. तिचं नाक त्यांच्यापेक्षा तिखट होतं, ते कुणी विचारलं नव्हतं एवढंच. त्यांनी तिला बिअरमधले दोष शिकवले, खुणा ठरवल्या. बिअर करपट असेल तर तिने चष्मा वर सरकवायचा. शिळी असेल तर घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करायचा. निर्दोष असेल तर रुमालाने ओठ टिपायचे. कालच्या दोन्ही कारखान्यांत रंगीत तालीम बिनचूक झाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नाकसाहेबांसाठी.

घरात पुढची खोली तेवढी तिची होती. खिडकीशी शिवणयंत्र, मधोमध कापड कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा लावून कपडे बदलायची जागा. गल्लीतल्या बायका ब्लाउज सैल करायला येत आणि दोन तास बसत. त्या खोलीत नाकसाहेब आत येण्याआधी खाकरत.

अकराला सगळे कारखान्यात पोचले. मालक म्हणजे नाकसाहेबांचा एके काळचा मदतनीस. आता पोट सुटलेलं, हातात दोन फोन. "या सर, या!" करत त्याने लांब टेबलाशी नेलं. सहा ग्लास नाकसाहेबांपुढे, सहा लहान ग्लास बायकोपुढे. लेकीला गाडी चालवायची होती, ती भिंतीशी बसली. भिंगरी फोन नाचवत होती. "आई, डबा पुलाखाली आहे! चल ना!"

पहिले तीन ग्लास ठीक होते. बायकोने तीनदा ओठ टिपले, नाकसाहेबांनी तीनदा मान डोलावून चार-चार वाक्यं ऐकवली.

चौथा ग्लास तिने ओठांपर्यंतही नेला नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास. पुरती शिळी. तिची बोटं घड्याळाच्या पट्ट्याकडे निघाली.

"वहिनींना आवडतेय का?" मालकाने विचारलं.

"तिला कसलं कळतंय," नाकसाहेब म्हणाले. "भांडी विसळलेलं पाणी दे, तेही पिईल."

मालक हसला. लेकही हसली. हे वाक्य बायकोने शंभरदा ऐकलं होतं, तेव्हा त्यासाठी तिने पुढचं केलं असं म्हणणं खोटं होईल. तिला घरचं कापायचं टेबल दिसत होतं, सकाळच्या उन्हातलं. तिने हात मागे घेतला, रुमाल काढला आणि ओठ टिपले. दोनदा.

नाकसाहेबांनी ग्लास उजेडात धरला, घोट तोंडात घोळवला आणि म्हणाले, "सहांतली राणी आहे ही. हिच्यात काही बदलू नकोस."

मालक खुर्ची पुढे ओढून बसला.

"सर, ही बाटली महिनाभर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तापत होती. तुमचीच युक्ती. पाच चांगल्या, एक मेलेली. आठवतं? मला ओळखता आली नाही तेव्हा सगळ्यांसमोर उभं करून पूर्ण ग्लास प्यायला लावला होतात."

"मला जरा सर्दी..."

"संपवा ना सर. राणी आहे."

नाकसाहेबांनी ग्लास संपवला. मधे दोनदा थांबले. मालक शेवटच्या थेंबापर्यंत बघत होता. मग उदारपणे म्हणाला, "सर्दीच असेल. चार वाजता परत या. पुन्हा सहा ठेवतो."

लेक आणि भिंगरी पुलाखाली उतरल्या. नवरा-बायको वर कठड्याशी राहिली.

"घड्याळाला हात का नाही लावलास?"

"नाही लावला."

"विसरलीस?"

"नाही."

लेकीसमोर, मालकासमोर नाकसाहेबांना तिला रागावून एक शब्द बोलता येत नव्हता. बोलायचं तर आधी स्वतःचं नाक नाही हे सांगावं लागलं असतं.

"चार वाजता नीट कर," ते म्हणाले.

"चार वाजता मी खुर्चीत हात बांधून बसेन."

"नको येऊस. मुलीला बसवतो शेजारी, नुसतं हुंगायला. माझी सर्दी आहे म्हणून सांगतो, तीन खुणा शिकायला तिला दहा मिनिटं लागतील. आणि उद्या तुझं ते मशीन भंगारवाल्याला देतो. विकतही बसणार नाही."

"सापडला!" खालून भिंगरी ओरडली. ती धावत वर आली, मागून धापा टाकत लेक. डबा प्लास्टिकचा, चिखलाने माखलेला. वहीत लेकीने नाव लिहिलं, भिंगरीने लिहिलं. "आजोबा, तुम्ही नावापुढे लिहा, जगातलं सगळ्यात हुशार नाक."

नाकसाहेबांनी लिहिलं.

"आता डोळे मिटा. मी काय घेतलंय डब्यातून, वासावरून ओळखा." तिने मूठ त्यांच्या नाकाखाली धरली.

डोळे मिटण्याआधी त्यांनी सवयीने बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. हात कठड्यावर, दोन्ही.

"माती," नाकसाहेब म्हणाले. "ओली माती."

भिंगरीने मूठ उघडली. हॉटेलात मिळते तशी साबणाची गुलाबी वडी होती, तिचा वास लेकीपर्यंत येत होता. "आजोबा हरले! साबणाला माती म्हणाले!" ती टाळ्या पिटत नाचायला लागली.

"बाबा?" लेक म्हणाली.

"सर्दी आहे गं. सांगितलं ना. चार वाजता तू बस माझ्या शेजारी, तुला एक गंमत शिकवतो. आईला यायची गरज नाही."

बायकोने भिंगरीच्या हातातून डबा घेतला, वही आत ठेवली, झाकण दाबून बसवलं.

"यांना सर्दी झालेली नाही," ती म्हणाली. "यांना दोन वर्षं कसलाच वास येत नाही. काल बिअर मी ओळखत होते, हे माझे हात बघून बोलत होते. चार वाजता कुणी कुठे जायचं नाही. घर सोडायचं नाही. डबा जागेवर ठेवून ये, आणि गाडी काढ."