कॅश उडवणारे

"आधी कॅश उडव!" असं आमचे एक सीनियर ओरडले की पलीकडचे अकाउंटंट दचकायचे. हाटकेश भागातल्या आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसात बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायचं काम, त्यांच्याकडे असायचं. बिल्डचं टूल त्यासाठी लागणारा कंपायलर कुठे आहे, कोडची लायब्ररी कुठली, हे एकदा तपासून साठवतं आणि नंतर काही बदललं तरी जुनंच उत्तर वापरतं. ती साठवण म्हणजे कॅश. "टूलला परत विचारायला लाव," ते म्हणायचे.

चहा सांगतानाही मला रोज विचारायचे, "साखर?"

"अहो, घेतो ना! रोज काय विचारताय?" मी वैतागायचो.

मग एकदा डॉक्टरांनी मला डायबेटिस सांगितला, ते मी घरीही बोललो नव्हतो. सकाळी ऑफिसात त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "साखर?"

"नको."

"एक चाय फीकी!" वर न बघताच त्यांनी चहावाल्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, काल काही झालंच नाही अशा आवाजात, त्यांनी पुन्हा विचारलं, "साखर?"