‘आना किर्स्टीन’च्या डोलकाठ्या

व्हिलाड्स टोफ्टेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. जहाजांच्या कारखान्यात पोलादी पत्रे जोडण्यात त्याचा जन्म गेला. बेटावरून सुटणारी पहिली बोट पकडायची, तर चारलाच उठावं लागे. निवृत्तीनंतरही जाग तेव्हाच येई. आता कॉफी ठेवून तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ‘आना किर्स्टीन’चे कागद पसरून बसे.

‘आना किर्स्टीन’ ही दोन डोलकाठ्यांची व्यापारी नौका. त्याच्या पणज्यानं ती इथंच, एरो बेटावर बांधली होती. न्यूफाउंडलंडहून खारवलेला मासा घेऊन येताना ती उलटली, एकही माणूस वाचला नाही. कप्तान हा दाग्नी ग्रूबेचा आजोबा. बांधणाऱ्यानं डोलकाठ्या वाजवीपेक्षा उंच केल्या म्हणून ती उलटली, असं ग्रूबे मंडळी तेव्हापासून म्हणत आली. टोफ्टे मंडळी ते नाकारत आली. दोन्ही घरं एकाच गल्लीत, पण एकमेकांच्या मयतालाही कुणी जात नसे. दाग्नी आता नव्वदीला टेकली होती. ती आहे तोवर खरं काय ते तिच्यासमोर ठेवायचं, एवढंच व्हिलाड्सला हवं होतं.

शोधायचं कुठं? त्या काळी बेटावर जहाजाचा नकाशा काढत नसत. लाकडात अर्धं जहाज कोरायचं आणि त्याचीच मापं मोठी करून फळ्या कापायच्या. तो नमुना युद्धातल्या एका हिवाळ्यात त्याच्या आजीनं शेगडीत घातला होता. उरली चर्चच्या छताला टांगलेली प्रतिकृती. बुडालेल्यांच्या आठवणीसाठी पणज्यानं ती स्वतः घडवली होती. व्हिलाड्सचा बाप्तिस्मा तिच्याखाली झाला, लग्नही. तिच्यावर शंका घ्यावी, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

चर्चच्या मंडळानं परवानगी दिली. जो उतरवेल त्यानंच साफसफाईचा आणि परत टांगण्याचा खर्च करायचा, ही जुनी रीत. तो हो म्हणाला. हिवाळाभर थंड चर्चमध्ये बसून त्यानं एकेक माप घेतलं. बोटं बधिर झाली की त्या दिवशीचं काम थांबवायचं. बधिर बोटांचं माप त्याला चालत नसे. मग वजन, शिडं, तळ, सगळ्याचा हिशेब मांडला. डोलकाठ्या उंच निघाल्या. मापं पुन्हा घेतली, तरी तेच.

दुसऱ्या कुणी ते कागद फाडून टाकले असते. व्हिलाड्स गल्ली ओलांडून दाग्नीकडे गेला. ती राईचा पाव कापत होती.

“तुम्हा लोकांचं खरं होतं,” तो म्हणाला. “डोलकाठ्या उंचच होत्या.”

दाग्नीनं सुरी खाली ठेवली. “एवढं बोलायला तुम्हा टोफ्टेंना चार पिढ्या लागल्या. बस. आधी पाय पूस.”

त्या घरात कॉफी प्यालेला तो पहिला टोफ्टे.

वसंतात आयविंद नावाचा कारागीर प्रतिकृती साफ करायला आला. व्हिलाड्सनं त्याला डोलकाठ्यांचं सांगितलं. आयविंदला हसू आवरेना.

“अरे म्हाताऱ्या, चर्चमधल्या जहाजाच्या काठ्या कुणी खऱ्या मापाच्या ठेवतं का? खाली बाकावरून नुसता तळच दिसतो. शिडं दिसावीत म्हणून तळ आवळायचा न् काठ्या ताणायच्या. सगळीकडे तसंच. तू खरं माप समजून बसलास?”

मग खरं जहाज कसं होतं, असं व्हिलाड्सनं विचारलं.

“यावरून? ते देवालाही नाही सांगता यायचं.”

व्हिलाड्स पुन्हा दाग्नीकडे गेला. उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“त्या दिवशी म्हणालास, दोष तुम्हा टोफ्टेंचा. आज म्हणतोस, कळायला मार्ग नाही. मी पहिलं धरते.”

“माप चुकीचं होतं, दाग्नी.”

“माझी आई हे ऐकायचं म्हणून वाट बघत गेली. मला ऐकायला मिळालं. आता ते परत मागू नकोस.”

तोवर त्याची पहिली कबुली गल्लीभर झालीच होती. दुकानात लोक म्हणत, बरं केलंस, कबूल केलंस ते. घराण्याला दोष दिला म्हणून त्याच्या भावाचा फोन यायचा मात्र बंद झाला. व्हिलाड्सनं काही दिवस भेटेल त्याला समजावून पाहिलं. लोक मान डोलावत आणि पावाला हात घालत. मग त्यानं तेही सोडलं.

कारखान्यात जादा पाळ्या करून त्यानं काही पैसे बाजूला टाकले होते. त्यातून साफसफाई झाली, नवे दोर आले, छताला नवी साखळी बसली. ‘आना किर्स्टीन’ पुन्हा वर चढली, पुढचं टोक वेदीकडे, त्याच उंच डोलकाठ्या घेऊन.